पावती म्हणजे आरक्षण नव्हे: खान्देशात दहा-बारा जणांनी भेटायचं असेल तर

ताई, तुमची पोस्ट वाचत होतो आणि "तोंडी हो म्हणालेत, पैसे भरलेत, पत्र नंतर मिळेल" या ओळीशी थांबलो. बेत छान आहे. आजवर फक्त एकमेकांच्या लिखाणातून ओळखणारे दहा-बारा जण डिसेंबरअखेरीस खान्देशात भेटणार, त्यातले दोघं परदेशातून सुट्टीवर येणार. सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी विश्रामगृहात दोन रात्री, एक दिवस अजिंठा, एक दिवस शेतात भरीत. आणि तुम्ही विचारलंय ते एवढंच, की जेवायला कुठं जावं. जेवणाचं सांगतो, पण आधी त्या ओळीबद्दल बोलतो, कारण आमचा अख्खा मेळावा याच वाक्यावर बुडायला आला होता.

रेल्वे, गाडीभाडं, थंडीचे कपडे हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

आमची मंडळीही तुमच्यासारखीच. कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं, एक कुटुंब सुरतेहून, आणि सत्तरी ओलांडलेले एक काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. मी जळगावचा, म्हणून मुक्कामाची जबाबदारी माझ्याकडे. विश्रामगृह कोणतं, खातं कोणतं, हे लिहीत नाही. तिथला चौकीदार भला माणूस आहे, त्याच्या नोकरीला माझ्यामुळं धक्का नको.

कार्यालयात अर्ज दिला. एका टेबलावर नोंद, दुसऱ्या टेबलावर रक्कम भरली, पावती मिळाली. पत्र मागितलं तर उत्तर आलं, "साहेब दौऱ्यावर आहेत, सही झाली की पाठवतो. होऊन जाईल, तुम्ही या बिनधास्त." नंतर जितक्या वेळा फोन केला तितक्या वेळा हेच. "होऊन जाईल."

दिवस मावळताना आम्ही फाटकाशी पोचलो. चौकीदारानं रजिस्टर बाहेर आणून बॅटरीच्या उजेडात माझ्यासमोर धरलं. त्या तारखेच्या रकान्यात दुसऱ्याच कुणाची नावं, खाली सही-शिक्का. आमचं नाव कुठंच नाही, खोडलेलंसुद्धा नाही. म्हणजे आरक्षण रद्द झालं नव्हतं, ते कधी झालंच नव्हतं. मी पावती दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, पावती पैशाची शे, खोलीनी नही. मी काय करू, वरतून फोन उना." म्हणजे वरून फोन आला. काका गाडीत पाय लांब करून बसलेले, लहान मुलं झोपेला आलेली, आणि कार्यालयातला फोन कोणी उचलेना.

त्या माणसाचं वाक्य लिहून ठेवा. पावती पैसे भरल्याची असते. खोली तुम्हाला दिली असं सांगणारा कागद म्हणजे मंजुरीचं पत्र. त्यावर जावक क्रमांक, तारीख, खोल्यांची संख्या आणि सही-शिक्का हवा, आणि त्याची प्रत विश्रामगृहावर पोचलेली हवी. पोचली की नाही ते निघायच्या आदल्या दिवशी चौकीदाराला फोन करून विचारा, कार्यालयाला नाही. खोल्या त्याच्या रजिस्टरवरून मिळतात.

आणि पत्र मिळालं तरी ते पूर्ण वाचा. शासकीय कामासाठी गरज पडली तर आरक्षण ऐनवेळी रद्द होईल, अशी अट अशा पत्रांत बहुधा असतेच. ती अट मला चुकीची वाटत नाही, विश्रामगृहं मुळात दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठीच बांधलेली आहेत. पण दहा-बारा जणांची, त्यातही परदेशाहून तिकीट काढून येणाऱ्यांची भेट अशा अटीवर टांगू नये, असं माझं ठाम मत आहे. एखादं जोडपं असेल, दोन मित्र असतील, तर जरूर जा. रद्द झालं तर दुसरीकडे सोय होते. मोठ्या गटाला रात्री आठ वाजता आडगावात खोल्या मिळत नाहीत.

त्या रात्री आम्ही उलट फिरलो. रस्त्यातल्या ढाब्यावाल्यानं काकांसाठी खाट टाकली, मुलांना आधी वरण-भात वाढला आणि मग आम्हाला शेवभाजी. त्याचे उपकार मी विसरणार नाही. जळगावात मध्यरात्री पोचलो, काही जण माझ्या घरी, काही शेजाऱ्यांकडे.

खरा मनस्ताप पुढंच होता. पैसे परत मागायला गेलो तर सांगितलं, "आरक्षण रद्द करण्याचा अर्ज द्या." का? तर आम्ही स्वतः रद्द केलं असं लिहून दिलं की नियमाप्रमाणे कपात करून उरलेली रक्कम मिळेल. जे त्यांनी दिलंच नाही ते आम्ही रद्द केलं असं लिहून द्यायचं! मी तसं लिहून दिलं नाही, तुम्हीही कधी देऊ नका. मी लिहिलं: "रक्कम स्वीकारूनही कार्यालयाने खोल्या दिल्या नाहीत, सबब पूर्ण रक्कम परत मिळावी." आवक शाखेत दिलं, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तिथंही टाळाटाळ झाली, "ठेवून जा" म्हणाले. शिक्का मिळेपर्यंत मी टेबलासमोरून हललो नाही.

तरी महिनोन्‌महिने काही नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. त्यात "माझे पैसे का दिले नाहीत" असं विचारू नका. का, कशासाठी, या प्रश्नांना तिथं सहज बगल देता येते. कागद मागा. मी मागितलं ते असं: अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला काय शेरा मारला त्याची प्रत, आणि त्या तारखेच्या विश्रामगृह रजिस्टरच्या पानाची प्रत. माहिती येण्याआधीच फोन आला, "भाऊ, तुमचं काम झालंय, या." पूर्ण रक्कम मिळाली. हा माझ्या एका प्रकरणाचा अनुभव. मी वकील नाही आणि प्रत्येक कार्यालय असं असतं असंही म्हणत नाही.

आता तुमच्या बेताबद्दल. पटलं तर घ्या.

मुक्काम जळगावात ठेवा. मुंबईहून, नागपूरहून येणारी गाडी आणि सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे येणारी गाडी, दोन्ही इथं मिळतात. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट येते. स्टेशनजवळ खाजगी हॉटेलांत खोल्या घ्या, लेखी कन्फर्मेशन मागा. सातपुड्याची हवा खायची तर दिवसा जाऊन या, पाल आहे, मनुदेवी आहे. पहिल्यांदा भेटणाऱ्यांमध्ये एकट्या येणाऱ्या बायका असतात, त्यांना रात्री-अपरात्री स्वतःहून परतता येईल अशी जागा असणं मला डोंगरदऱ्यांच्या देखाव्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या खोल्या आधी ठरवा, मग इतरांच्या.

दुसरं, पहिल्या दिवशी अजिंठा ठेवू नका. जळगावहून साठेक किलोमीटर आहे, फर्दापूरजवळ गाडी सोडून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं, वर चढायचं, उन्हात फिरायचं. माणसं एकमेकांशी बोलायला आलेली असतात आणि दिवसभर मान वर करून छत बघतात. पहिली संध्याकाळ नुसती जेवण आणि गप्पांची ठेवा, अजिंठा दुसऱ्या दिवशी. सोमवारी लेणी बंद असतात, तारखा ठरवताना ते पाहा. डिसेंबरअखेरीस शाळांच्या सहलींची गर्दी असते, त्यामुळं सकाळी लवकर पोचा. सगळी लेणी पळत बघण्यापेक्षा चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ आणि महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसाठी २६ एवढी निवांत बघा.

लिहिणारी माणसं आहेत म्हणून आणखी एक सुचवतो. असोदे जळगावला लागूनच आहे, बहिणाबाईंचं माहेर. तास-दीड तासात होतं. पाऊण दिवस असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी. गौताळ्याच्या जंगलात देवीचं देऊळ आणि त्याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख सापडला. आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षिकेला तिथून उठवणं जड गेलं होतं.

आता जेवण. भरीत तुम्ही बरोबर हंगामात खाणार आहात. आमच्याकडे बऱ्याच घरांत चंपाषष्ठी झाल्यावरच वांगं खातात, आणि डिसेंबर-जानेवारीत भरिताचं वांगं ऐन भरात असतं: मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेषा, बिया कमी. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. शेतात करायचं तर कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ हवा. वांग्याला तेलाचा हात लावून टोचे मारायचे आणि साल काळी पडून देठाशी रस सुटेपर्यंत फिरवत राहायचं. हात पाण्यात बुडवून साल काढायची, हिरव्या मिरच्या नि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायचं, मग वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, हॉटेलात खाऊन "हे काय वेगळं" असं म्हणू नका.

पण शेतातली पार्टी दुपारची करा, रात्रीची नको. गावाकडं रात्रीच्या भरीत पार्ट्या होतात, आम्हीही करतो, पण ती एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्यांची मैफल असते. तुम्ही तर पहिल्यांदाच भेटणार. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि बायकांना शौचालयाची सोय आहे का हे कोणी आधी विचारत नाही. तुम्ही विचारा. शेतमालक पैसे घेणार नाही, आग्रहही करू नका. मात्र भाकरी थापायला आणि वांगी भाजायला ज्या बायका दिवसभर धुरात बसतात त्यांना त्यांची मजुरी हातात द्या. "पाहुणे आहेत, आनंदानं करतात" म्हणत तसंच निघून जाणारे मी पाहिलेत आणि त्याची मला फार चीड येते.

एका जेवणाला वरण-बट्टी ठेवा, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. दहा-बारा जणांच्या पंगतीला ती एकदम सोयीची, शिवाय परदेशातून आलेल्यांच्या पोटाला सोसते. शेवभाजीचं तसं नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा तिखट असतो, पहिल्याच रात्री ती नको. ढाब्यावर मागवाल तेव्हा शेव वेगळी आणायला सांगा, रश्श्यात आधी घातली की पाच मिनिटांत लगदा होतो. खापरावरचे मांडे ऐनवेळी मिळत नाहीत, करणाऱ्या बाईंना आधी सांगावं लागतं. आणि रात्री उशिरा परतलात तर खिचडी, वर लसणाचं तेल, सोबत पापड. याहून सोपं काही नाही.

वर्गणी आधी गोळा करा, तिथं हिशोब काढत बसू नका. तुमच्यातले काही जण टोपणनावानं लिहीत असतील तर फोटो टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा. आमच्यातल्या एकीच्या नोकरीच्या ठिकाणी तिच्या लिखाणाबद्दल कोणालाच माहीत नव्हतं, एका घाईघाईत टाकलेल्या फोटोमुळं तिला बराच मनस्ताप झाला.

तूर्त तुम्ही एवढं करा: उद्याच त्या कार्यालयात लेखी विचारणा करा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि ठरावीक तारखेपर्यंत पत्र आलं नाही तर पैसे परत मागा. तोवर जळगावातल्या खोल्या धरून ठेवा. घरगुती बट्टी आणि मांडे करून देणाऱ्या एक मावशी ओळखीच्या आहेत, त्यांना मी विचारून ठेवतो. त्यांना दोन दिवस आधी माणसांचा आकडा लागतो, आणि लसूण न खाणारे किती ते वेगळं सांगा.