बागेतल्या जुन्या फुशियाचे बोन्साय करता येईल का?

बागेत बरीच वर्षे वाढलेल्या, बुंधा अंगठ्याहून जाड झालेल्या फुशियाचे (लोंबत्या फुलांच्या शोभेच्या झुडपाचे) बोन्साय होईल का, आणि जमिनीतून काढल्यावर तो जगेल का, असे आपण विचारले आहे. मुळे निरोगी असतील तर बहुधा जगतो, कारण फुशियाच्या जुन्या लाकडावरही नवे फुटवे येतात. साल नखाने किंचित खरवडून पाहावी; खाली ओलसर हिरवा थर दिसला, तर तो भाग जिवंत आहे असे समजावे.

कडाक्याची थंडी सरल्यावर, फांद्यांवरचे डोळे (अंकुर) नुकते फुगू लागलेले असताना झुडूप काढावे. फांद्या आखूड कराव्यात, जाड मुळे छाटावीत, मात्र बुंध्याजवळची तंतुमुळे जपावीत. या टप्प्यावर उथळ कुंडीचा मोह आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिले वर्षभर झाड पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मिश्रणात, खोल कुंडीत आणि सावलीत राहू द्यावे, आणि फुटवे जोमाने वाढू लागेपर्यंत खत देऊ नये.

आकार देताना मला तारेपेक्षा कात्रीचा अधिक भरवसा वाटतो. फुशियाची फांदी जून झाली की ठिसूळ होते आणि वाकवताना पेरापाशी कट्कन तुटते. तार वापरायचीच असेल, तर ती कोवळ्या फांदीलाच सैलसर गुंडाळावी. पाने बहुधा समोरासमोर जोडीने येत असल्यामुळे दोन जोड्यांनंतर शेंडा खुडला की सहसा दोन फांद्या फुटतात, आणि असे वारंवार केल्याने माथा दाट होतो. फुले मात्र नव्या वाढीवरच येतात, म्हणून बहर हवा असेल तर त्याआधी साधारण सहा ते आठ आठवडे खुडणे थांबवावे.

छाटणीने पाने काहीशी लहान होतात, पण फुलांचा आकार घटत नाही. आपले झुडूप मोठ्या दुहेरी (दाट पाकळ्यांच्या) फुलांचे असेल, तर लहानशा झाडावर ती बेढब दिसतात. मॅजेलॅनिका किंवा मायक्रोफिला या फुशियाच्या लहान फुलांच्या जाती त्या मानाने फार शोभतात.

शेवटी पाण्याविषयी. उन्हाच्या वेळी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नये. आधी मातीत बोट खुपसून पाहावे आणि ती ओली असेल तर कुंडी फक्त सावलीत सरकवावी, कारण उष्म्याने कोमेजलेल्या झाडाला आणखी पाणी दिले की मुळे कुजू लागतात.