श्वास कुठे घ्यायचा, ते आधी ठरव

प्रिय दोस्ता,

नोव्हेंबरच्या ऑडिशन शिबिराला ट्रम्पेट घेऊन जायचं ठरवलंस, फार आनंद झाला. तू विचारलं आहेस की ड्रम कोअरमधली (मैदानावर कवायत करत ब्रास आणि ड्रम वाजवणाऱ्या अमेरिकन पथकांतली) मुलं पळत, वळत, हॉर्न म्हणजे आपली ब्रास वाद्यं फिरवत वाजवतात, तरी स्वर हलत कसा नाही? ओठांची ताकद हवीच, पण उत्तर बरंचसं पायांत आहे. आणि त्याहून जास्त, श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवण्यात आहे.

पायांपासून सुरुवात कर. मैदान अमेरिकन फुटबॉलचं, त्यावर दर 5 यार्डांवर रेघ असते. दोन रेघांमधलं अंतर 8 पावलांत कापायचं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, साधारण 57 सेंटिमीटर. घरासमोर खडूने खुणा कर आणि खाली न बघता आठवं पाऊल रेघेवर पडेपर्यंत चालत राहा. टाच आधी टेकव, पायाची बोटं वर ठेव आणि मग तळवा पुढे गुंडाळत ने. उलटं चालताना टाच जमिनीला लावायची नाही, सगळं वजन चवड्यावर. हे दिसायला सुंदर दिसतं म्हणून करत नाहीत. टाच आपटली की धक्का कण्यातून खांद्यात, खांद्यातून हातात आणि तिथून माउथपीसमधून (वाद्याचं ओठाला लावायचं टोक) ओठावर येतो. मग लांब स्वराला प्रत्येक पावलागणिक ठेच लागते.

फोन एका जागी ठेव, एक सूर 16 मात्रा धर आणि त्याच्यासमोरून चालत जा. नंतर डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐक. त्यात तुझी पावलं मोजता आली, तर चाल अजून कच्ची आहे. आठ पावलं जमली की तेच अंतर सहा पावलांत कर. आता पाऊल 30 इंचांचं होतं आणि बहुतेकांचं धड इथेच वरखाली व्हायला लागतं, कारण ते पुढचा पाय लांबवून अंतर गाठायला बघतात. तसं करू नकोस. मागच्या पायाने जमीन ढकल, पुढचा पाय आपोआप पोचतो.

आता श्वास. नवखा वादक दमला की श्वास घेतो. मैदानावर ते चालत नाही. स्वरलिपीच्या कागदावर प्रत्येक श्वासाची खूण कर आणि तुझ्या दोन्ही बाजूंचे वादक कुठे श्वास घेतात तेही लिहून ठेव. तिघांच्या खुणा एकाच मात्रेवर आल्या, तर तिथे आवाजाला भोक पडतं. लांब स्वरात श्वास आळीपाळीने घ्यायचा. आपण हळूच गळायचं, माउथपीस ओठावरून न काढता तोंडाच्या कडांनी हवा भरायची आणि पुन्हा हळूच मिसळायचं. परत येताना जिभेचा ठोका दिलास, तर सगळ्या स्टेडियमला कळतं. शक्यतो तालाच्या रेषेवर (स्वरलिपीत आवर्तनं वेगळी करणाऱ्या उभ्या रेषेवर) श्वास घेऊ नकोस, कारण सगळ्यांना नेमका तिथेच घ्यावासा वाटतो. जिथे दिशा बदलते किंवा पाऊल मोठं होतं, त्याच्या दोन मात्रा आधी हवा भरलेली असायला हवी. वळण घेत असताना भरायला गेलास, तर अर्धाच श्वास मिळतो आणि पुढच्या ओळीचा शेवट बसतो.

हॉर्नच्या करामतींमध्ये लाट सगळ्यात फसवी. सोळा जण रांगेत उभे, हॉर्न एकापाठोपाठ एक वर जातात, लाट आठ मात्रांत या टोकाकडून त्या टोकाला पोचते, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अर्धी मात्रा. 160 च्या गतीला (मिनिटाला 160 मात्रा) अर्धी मात्रा म्हणजे 0.19 सेकंद. शेजाऱ्याला बघून हात उचलायचा म्हटला, तर बघून प्रतिक्रिया द्यायलाच साधारण 0.2 सेकंद जातात. म्हणून शेजाऱ्याकडे बघणाऱ्यांची लाट प्रत्येक माणसागणिक मागे पडते आणि शेवटचे चौघे घाईने एकदमच उचलतात. उपाय एकच: आपला आकडा पाठ करायचा. ‘मी साडेपाचवर’ एवढंच डोक्यात ठेव आणि समोर बघ. हॉर्न वर आणताना वेग सुरुवातीला हवा. शेवटचे दोन-तीन इंच हात आवरून घे, नाहीतर माउथपीस दातावर आपटतो आणि तो आठवडा वाया जातो.

आकृती बदलण्याची जादू पाहायची असेल, तर स्टार ऑफ इंडियाना या ड्रम कोअरचा 1991 च्या अजिंक्यपद स्पर्धेतला विजेता कार्यक्रम बघ. मोठा क्रॉस मैदानावर विरघळतो आणि त्यातूनच पुन्हा क्रॉस उभा राहतो. पहिल्यांदा आकृती बघ. दुसऱ्यांदा एकच वादक निवड आणि डोळे त्याच्यावरून हलवू नकोस. तो एकटा काही अचाट करत नाही. सारख्या लांबीची पावलं टाकत सरळ वाटेने जातो आणि नेमक्या मात्रेला नेमक्या जागी पोचतो. आपल्याला जादू दिसते ती सगळ्यांच्या वाटा एकमेकींतून गेल्यामुळे. म्हणून वाट चुकली तरी मध्येच थांबायचं नाही. मागून येणाऱ्याने तू पुढे सरकणार हे धरलेलं असतं, आणि त्याच्या खांद्यावर दहा-बारा किलोंचा कॉन्ट्रा (सगळ्यात खालच्या स्वरांचं, खांद्यावर घ्यायचं ब्रास वाद्य) असू शकतो. (त्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवून बघायचा मोह होईल. तेव्हा जी स्वरातली बिगुलं वापरत. कुठल्याही स्वरातली ब्रास वाद्यं चालतील असा नियम 2000 मध्ये आला. तुझं ट्रम्पेट जी स्वरातलं नाही, त्यामुळे तुझी बोटं जुळणार नाहीत.)

नंतर ब्लूकोट्स या दुसऱ्या कोअरचा 2016 चा विजेता कार्यक्रम बघ, ज्यात वादक उतारांवर चढतात आणि घसरत खाली येतात. वाजवताना उतारावर उभं राहायचं, तर धड उताराला नव्हे, जमिनीला काटकोनात हवं. मागे रेललास की बरगड्या आवळल्या जातात आणि श्वास तोकडा पडतो.

एक गोष्ट कानाला पटत नाही, पण हिशेब करून बघ. ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. 50 यार्ड म्हणजे जवळजवळ 46 मीटर कापायला त्याला 0.13 सेकंद लागतात. 180 च्या गतीला पाव मात्रा 0.08 सेकंदाची. म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा मित्र अचूक वाजवत असला तरी तुला तो पाव मात्रेहून जास्त उशिरा ऐकू येतो. त्याच्याशी जुळवायला गेलास, तर प्रेक्षकांना तू उशिरा ऐकू येशील. म्हणून ताल मागून येऊ द्यायचा. ड्रमलाइन (ड्रम वाजवणाऱ्यांची रांग) तुझ्या पाठीमागे असेल तर कान तिच्याकडे, नसेल तर डोळे समोरून ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांवर आणि पाय त्या हातांवर. सरावात मेट्रोनोमचा (मात्रा टिकटिकवणाऱ्या यंत्राचा) स्पीकर सगळ्यांच्या मागे ठेवतात तो याचसाठी.

आता मोठ्या स्वरसमूहाबद्दल, म्हणजे सगळे एकदम वेगवेगळे स्वर धरतात त्या कॉर्डबद्दल. जोर खालून यायला हवा: कॉन्ट्रा सर्वांत भरदार, त्यावर युफोनियम आणि बॅरिटोन ही मधल्या-खालच्या स्वरांची ब्रास वाद्यं, मग त्यांच्या वरचा मेलोफोन, आणि ट्रम्पेट त्यांच्या आवाजाच्या आत. ट्रम्पेटवाल्याला हे पचायला वेळ लागतो, तुलाही लागेल. मेजर स्वरसमूहात गंधार तुझ्याकडे आला, तर तो पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली हवा आणि पंचम 2 सेंट वर. हे आकड्यांनी शिकू नकोस. फोनवर तानपुरा काळी पाचला लाव, कारण तुझ्या ट्रम्पेटचा मोकळा स्वर तोच षड्ज आहे. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ऐकू येईपर्यंत बस आणि त्यात स्वर मिसळ. आपल्याकडच्या कानांना हा मोठा फायदा आहे, तो घे. उन्हाने हवा तापली की ब्रासचा स्वर चढतो. त्यामुळे जुलैच्या दुपारी मैदानात लावलेलं वाद्य ल्यूकस ऑइल स्टेडियमच्या (इंडियानापोलिसमधलं अंतिम स्पर्धेचं ठिकाण) छताखाली तसंच जुळेल असं धरून चालू नकोस.

जिभेचंही सांगतो. जलद जागांसाठी दुहेरी जीभ लागते, ‘ता-का ता-का’. पण आपला ‘त’ दातांना लागतो आणि तिथे ठोका जाड येतो. जिभेचं टोक ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मध्ये, हिरडीवर टेकव. ‘का’ नेहमी कमजोर असतो, म्हणून आठवडाभर नुसता ‘का-का-का-का’ वाजव, 80 च्या गतीला, मात्रेला चार. तो ‘ता’इतका स्वच्छ झाला की मगच जोडी लाव आणि गती रोज दोन-दोनने वाढव. वाजवण्याआधी तबल्याचे बोल म्हणतात तशी ओळ तोंडाने म्हण, चालत म्हण. म्हणताना पाय अडखळले, तर वाजवताना अडखळणारच.

शिबिरात तुला जागा आकड्यांत सांगतील: 40 यार्डांच्या रेघेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या (मैदानाच्या लांबीला समांतर असलेल्या छोट्या खुणांच्या ओळीच्या) सहा पावलं मागे. हे लिहायला खिशात मावेल एवढी वही घे, दोरी ओवून गळ्यात अडकव, पेन्सिल तिलाच बांध. प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिही: किती मात्रांत पोचायचं, निम्म्या वाटेवर कुठे असायला हवं, आणि श्वास कितव्या मात्रेवर. तिसरा रकाना बहुतेक मुलं कोरा ठेवतात. व्हॉल्व्हचं तेल दोन बाटल्या घे, एक कुणीतरी मागतंच.

तुझा,
काका