टाकी दाखवली, पण पाणी पुढे जातं कुठे? इंग्लंडच्या खेड्यात घर घेणाऱ्यांचे प्रश्न

शहरातला फ्लॅट विकून इंग्लंडमध्येच खेड्यात जुनं दगडी घर घ्यायचं, असं माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत सध्या चाललंय. छप्पर, खिडक्या, बॉयलर सगळं बघतात पण ड्रेनेज कुणी बघत नाही, कारण शहरात फ्लश केलं की विषय संपतो. खेड्यात तो तिथे सुरू होतो. मी याच कामात आहे म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात, त्यातले काही घेतोय.

दादा, हेरफर्डशरमध्ये एक कॉटेज पसंत पडलंय. मालक म्हणतात सेप्टिक टँक आहे, ३० वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. म्हणजे चांगलीच असणार ना?

नाही हो, हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. टाकीत काय होतं बघा, जड मैला तळाला बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेरच्या पाइपातून पुढे जातं. जिवाणू मैला खातात पण सगळा नाही खात, गाळ चढतच जातो, म्हणून साधारण वर्षातून एकदा टँकर बोलवायचा असतो. ३० वर्षं बोलावलाच नाही म्हणजे एकतर टाकीला तडा गेलाय आणि सगळं खाली मुरतंय, नाहीतर गाळ पाण्याबरोबर पुढे वाहत चाललाय.

आणि हे "पुढे" म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. नीट केलेलं असेल तर टाकीनंतर जमिनीत पसरलेले भोकं पाडलेले पाइप असतात, त्याला ड्रेनेज फील्ड म्हणतात, आणि उरलेली सफाई तिथली माती करते. पण जुन्या घरांत कित्येकदा पाइप सरळ मागच्या ओढ्यात सोडलेला असतो. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०१५ पासून यासाठी नियम आले आणि सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्या-नाल्यात सोडणाऱ्यांना ते बदलायला १ जानेवारी २०२० पर्यंत वेळ होता. ती तारीख कधीच उलटून गेली. म्हणजे तुमच्या कॉटेजचा पाइप ओढ्यात निघाला तर घर घेतल्या दिवसापासून ते नियम मोडणं तुमच्या नावावर. जवळून सार्वजनिक गटार जात नसेल तर उपाय दोनच, ड्रेनेज फील्ड करा नाहीतर ट्रीटमेंट प्लांट, म्हणजे पाणी आणखी शुद्ध करून मगच सोडणारी यंत्रणा, बसवा. दोन्हीचा खर्च हजारो पाउंडांत जातो, तो आत्ताच भावात धरा. सही झाल्यावर मालक फोन उचलणार नाहीत.

सर्व्हे करून घेतलाय, त्यात लिहिलंय "ड्रेनेज तपासलेलं नाही". मग पैसे कशाचे घेतले?

राग समजू शकतो, पण घराचा सर्व्हे करणारे ड्रेनेज फार तर वरवर बघतात. ड्रेनेजची तपासणी वेगळी सांगावी लागते, त्यात पाइपात कॅमेरा घालतात, टाकी उपसून भिंती बघतात. मला स्वतःला रंगाची टेस्ट फार आवडते. डेव्हनमधल्या एका घरी मालकांनी मला हिरवळ दाखवून छातीठोक सांगितलं की फील्ड इथे खालीच आहे. आम्ही संडासात हिरवा रंग टाकून दोनदा फ्लश केलं आणि मी कुंपणापलीकडच्या चराजवळ जाऊन उभा राहिलो. वीसेक मिनिटांत ब्लॅकबेरीच्या झुडपाखालच्या एका मातीच्या पाइपातून पोपटी पाणी यायला लागलं. घेणाऱ्या बाई माझ्या शेजारीच होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या पाण्याकडे बघत राहिल्या. खाली पन्नास पावलांवर गाई पाणी पीत होत्या.

अजून एक, टाकीची माहिती मालकाने तुम्हाला लेखी द्यायला लागते, ती कुठे आहे, कशी आहे, काय बदल केले, देखभाल कशी करायची. सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला, सांगून मागून घ्या, टँकरच्या पावत्यांसकट. आणि उन्हाळ्यात घर बघायला गेलात तर गवत बघा. सगळं पिवळं पडलंय आणि एकच पट्टा हिरवागार ओलसर आहे, पाय रुततोय, वास येतोय, तर फील्ड बुजत चाललंय. झाकण मात्र स्वतः उघडून आत वाकू नका, आतला वायू जीव घेतो, मुलांना तर जवळही फिरकू देऊ नका.

आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो, ३०-४० माणसं येतात. टाकी झेपेल का?

हा प्रश्न विचारलात याचं मला इतकं बरं वाटलं. इथल्या बिल्डिंग रेग्युलेशनप्रमाणे चार माणसांपर्यंत टाकी निदान २,७०० लिटरची लागते आणि पुढे प्रत्येक माणसामागे १८० लिटर जास्त. पण खरी अडचण एकदम येणाऱ्या पाण्याची आहे. टाकीत जितकं पाणी शिरतं तितकंच बाहेर ढकललं जातं, मैल्याला तळाशी बसायला शांत वेळच मिळत नाही, तो फील्डच्या पाइपात जातो आणि एकदा का तिथली भोकं बुजली की टाकी कितीही उपसा, फील्ड काही परत मोकळं होत नाही. म्हणून गणपतीच्या आधी टँकर बोलवा, त्या दिवसांत वॉशिंग मशीन बंद, आरती-जेवणाच्या दिवसासाठी पोर्टेबल टॉयलेट भाड्याने आणा, लग्नाला आणतोच की आपण. आणि पन्हाळीचं पावसाचं पाणी टाकीत जोडलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत असतं.

रोजच्या स्वयंपाकात काय जपायचं?

तेल आणि तूप. कढईतलं उरलेलं तेल, पुरणपोळीच्या ताटाचं तूप, आमटीवरचा तवंग हे गरम पाण्याने वाहून जातं असं वाटतं, पण इथल्या थंडीत ते पाइपातच थिजतं आणि टाकीत वरचा थर जाड करतं. ताट आधी कागदाने पुसून मग धुवा, तेल बाटलीत साठवून टाका. वाइप्स अजिबात नकोत, पाकिटावर फ्लश करा लिहिलेलं असलं तरी. आणि बाटलीभर ब्लीच ओतू नका, टाकीतलं काम जिवाणू करतात, त्यांनाच मारून कसं चालेल.

आमची टाकी शेजाऱ्याच्या शेतात आहे आणि तीन घरं मिळून वापरतात. काही धोका?

धोका कागदांचा जास्त. शेतात जाऊन टाकी उपसायचा, पाइप दुरुस्त करायचा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे का, आणि खर्च कसा वाटायचा, हे दोन्ही बघा. नियमाच्या बाबतीत तिघंही जबाबदार धरले जातात, "टाकी त्यांच्या जमिनीत आहे" म्हणून सुटका नाही. चांगले शेजारी असले तरी लेखी घ्या, उद्या ते घर विकतील. आणि जवळपास कुणाची पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर ५० मीटरच्या आत आहे का तेही विचारा, असेल तर जमिनीत पाणी सोडायला परवाना लागतो. त्या विहिरीचं पाणी कुणाचं तरी लेकरू पितंय.

जाहिरातीत "सेसपिट" लिहिलंय. म्हणजे सेप्टिक टँकच ना?

नाही, एकदम वेगळं. ती नुसती बंद टाकी, बाहेर जायची वाटच नाही, भरली की टँकर. हिशोब करा, माणशी दिवसाला १५० लिटर धरलं तर चौघांचे ६०० लिटर, १८,००० लिटरची टाकी ३० दिवसांत भरते. म्हणजे महिन्याला एक टँकर, वर्षाला बारा, आणि टाकी टँकर उभा राहतो तिथून ३० मीटरच्या आत असायला हवी, नाहीतर त्याची नळी पोचत नाही. गेटमधून टँकर आत येतो का, हे टेप घेऊन मोजून या.