आधी बांधावर जा

चोपडे, पेडणे, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

"मास्तर, पाऊस असा लहरी झालाय, बियाणं कुठलं घेऊ?" असं तू फोनवर विचारलंस. सांगतो. पण आधी ओहोटीला बांधावर एक फेरी मार, अनवाणी. बांध पोखरणाऱ्या कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं डोळ्यांआधी पायांना कळतात.

आपलं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, भरतीच्या पातळीखाली. भरती आली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, फळी पाण्याच्या दाबानेच मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. शेकडो वर्षांची ही युक्ती. अजूनही तिच्यापुढे उभा राहिलो की मी बघतच राहतो. पण समुद्र चढतोय, म्हणजे फळी उघडी राहायचा वेळ घटणार. त्यातच उधाणाच्या रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर पाणी जाणार कुठे?

उलटंही होतं. पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुतात. मग उघडीप लांबली की तेच मीठ वर चढतं आणि रोपं करपतात. कोरगूट, आपलं खाऱ्या जमिनीतलं जुनं भात, तिथे तगतं. उंच वाढतं, लोळतं, उतारा कमी, म्हणून ज्योती-जया या जास्त उताऱ्याच्या भातांच्या नादात आम्ही ते टाकलं. मीसुद्धा. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' काढलेत. ते पेर, एक कुणगा (शेताचा तुकडा) कोरगुटाला ठेव. बियाण्याचं एवढंच.

बांधाचं मात्र एवढ्यावर भागत नाही. एका वर्षी आमचा बांध फुटला तो पडीक शेतापाशी. तिथे कोण फिरकतो? खारं पाणी मात्र सगळ्यांच्या शेतात शिरलं, आणि माझी जमीन निवळायला दोन पावसाळे गेले. पूर्वी बांध गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बघायची; 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघाकडे आलं. मानशीच्या मासळीची पावणी (लिलाव) असली की सगळे हजर, माती घालायला चार डोकी. त्या चारांत तू पाचवा हो, मग बियाण्याचं बोलू.

पडीक शेतं कोणाची, ते लिहून काढ. मुंबईत, आखातात असतील त्यांना फोन लाव. शिव्या खाव्या लागल्या तरी लाव. कसायचं नसेल तर निदान बांधाचा वाटा द्या म्हणावं.

रविवारी सकाळी ओहोटी आहे. मी मानशीपाशी असेन. कुदळ तुझी आण, माझीचा दांडा मोडलाय.

तुझा,
मास्तर