आईसाठी फोन: ‘८ जीबी’ की ४ जीबी?

प्रश्न: आईसाठी अगदी स्वस्तातला फोन घ्यायचा आहे. एकावर ‘८ जीबी रॅम’ लिहिलंय (बारीक अक्षरांत ३ + ५ व्हर्च्युअल), साठवण ३२ जीबी, कॅमेरा ५० मेगापिक्सेल. दुसऱ्यात ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, कॅमेरा १३ मेगापिक्सेल. किंमत जवळपास सारखीच. कोणता घेऊ?

उत्तर: दुसरा घ्या. रॅम म्हणजे चालू कामांसाठीची वेगवान मेमरी. व्हर्च्युअल रॅम म्हणजे खरी रॅम नव्हे; साठवणीतलाच तुकडा उसना घेतलेला असतो. स्वस्त फोनमधली ईएमएमसी (साध्या, स्वस्त प्रकारची) साठवण खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे फोन चपळ होत नाही. शिवाय तुमच्या ३२ जीबीतले ५ जीबी तिथेच जातात, आणि मोठा वाटा अँड्रॉइड आधीच घेऊन बसलेलं असतं.

माझ्या वडिलांना मी असाच ३२ जीबीचा फोन दिला होता. वर्षभरात व्हॉट्सॲपवरच्या फोटो-व्हिडिओंनी तो भरला. नवे फोटो उतरेनात, ॲप अपडेट होईनात. ‘माझंच काहीतरी चुकतंय,’ असं ते म्हणायचे, ते ऐकून फार वाईट वाटायचं. चूक माझ्या निवडीची होती.

कॅमेऱ्याच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. प्रकाश टिपणाऱ्या बारीक सेन्सरवर मेगापिक्सेल वाढले म्हणून संध्याकाळच्या उजेडातला फोटो सुधारत नाही.

घेण्याआधी सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती फार जुनी असेल, तर आईचं बँकेचं ॲप त्या फोनवर नको. आणि तिच्या हातात फोन देऊन एकदा फोन लावायला सांगा. आवाज तिला स्पष्ट ऐकू आला पाहिजे.