ऐच्छिक, वैकल्पिक की यथाशक्ती?

प्रश्न : गावच्या सप्ताहाच्या पत्रिकेत 'वर्गणी ऐच्छिक' छापावं की 'यथाशक्ती'? काही जण 'स्वखुशीने' सुचवतात. आणि लेकराच्या परीक्षेतला 'वैकल्पिक' विषय सोडता येत नाही, मग तो वैकल्पिक कसा?
— एक वाचक, औसा

उत्तर : समोरच्याच्या हाती नेमकं काय सोडायचं, ते आधी ठरवा. द्यायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं, तर 'ऐच्छिक'. 'यथाशक्ती'मध्ये द्यावं ही अपेक्षा असते, आकडा तेवढा ज्याचा त्याने ठरवायचा. पाककृतीतलं 'मीठ चवीनुसार' याच जातीचं. मीठ घालायचंच असतं. सप्ताहाला 'यथाशक्ती'च बरं. 'वर्गणी ऐच्छिक' छापून खाली 'घरटी ५०० रुपये' लिहिलं, की पंगतीआधीच वाद.

'स्वखुशीने' देणाऱ्याच्या तोंडी शोभतं. खरेदीखतात 'राजीखुशीने लिहून देतो' असं लिहून देणाराच म्हणतो. मागणाऱ्याने ते छापलं की आग्रहासारखं वाटतं. 'आपल्या मर्जीवर' तर नकोच. साहेबांची मर्जी सांभाळतात, ती खप्पा होते. पत्रिकेत तो शब्द तुसडा लागतो.

'वैकल्पिक'मध्ये सूट फक्त कोणता घ्यायचा याची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत यादीतला एक वैकल्पिक विषय घ्यावाच लागतो. त्याचे २५० गुणांचे दोन पेपर, म्हणजे लेखीच्या १७५० पैकी ५०० गुण. मुळीच न घेतला तरी चालणारा विषय तो 'ऐच्छिक'. शाळा-कॉलेजच्या पत्रकांत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते, म्हणून शब्दावर न जाता 'यांपैकी एक' असं लिहिलंय का ते बघा. 'पर्यायी' आणखी वेगळा : पूल बंद म्हणून पर्यायी रस्ता. तिथे निवड कसली!

प्रश्न : पीक विमा ऐच्छिक आहे म्हणतात, तरी कर्जखात्यातून हप्ता कापला गेला. असं कसं?
— एक शेतकरी, सेलू

उत्तर : प्रधानमंत्री पीक विमा योजना २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही ऐच्छिक झाली, हे खरं. पण त्यांच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे होकार धरला जातो. विमा नको असेल, तर अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. ते नसलं की बँक हप्ता कापते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. बिगरकर्जदाराचं उलट : त्याने अर्ज केला तरच विमा. कुठल्याही कागदावर 'ऐच्छिक' दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारावा, काहीच कळवलं नाही तर काय धरणार?

प्रश्न : 'एच्छिक' की 'ऐच्छिक'?
— एक शिक्षिका, किनवट

उत्तर : 'ऐच्छिक'. 'इक' लागताना पहिल्या 'इ'चा 'ऐ' होतो, इच्छा–ऐच्छिक, विकल्प–वैकल्पिक. 'च्छि' ऱ्हस्वच. मात्र स्व + इच्छा = स्वेच्छा, म्हणून 'स्वेच्छेने'; 'स्वैच्छेने' चूक.