कुत्रा चावल्याच्या लसीच्या कुपीतून हिशेबापेक्षा कमी रुग्ण का निघतात? सिरिंजमध्ये राहणारी लस मोजायची कशी?

यवतमाळकडच्या तुमच्या आरोग्य केंद्रात कातडीत दोन जागी ०.१ मिली लस देतात, वापरतात २ मिलीची साधी सिरिंज, आणि १ मिलीच्या कुपीत पाचाऐवजी तीनच रुग्ण होतात. बाकीची जाते कुठे, आणि प्रयोगशाळेतला काटा नसताना ती मोजता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

सुईच्या नळीवर संशय घेऊ नका. २३ नंबरच्या एक इंची सुईचं भोक जेमतेम ०.३४ मिमी, त्यात ०.००२ मिलीच मावतं. लस अडकते ती सुईच्या प्लास्टिकच्या बुडात आणि सिरिंजच्या तोंडात, कारण दट्ट्या तिथवर पोचत नाही. साध्या सिरिंजला ही जागा साधारण ०.०७ ते ०.१ मिली असते. रुग्णाचा डोस त्यामुळे कमी पडत नाही, सिरिंजवरच्या खुणा बाहेर पडणाऱ्या औषधाच्याच असतात. मार बसतो कुपीला. एका रुग्णामागे ०.२ ऐवजी ०.२८ मिली ओढलं जातं, तिघांत ०.८४ संपतं, आणि उरलेल्या ०.१६ मध्ये चौथा बसत नाही. कुपी ०.५ मिलीची असेल तर दुसऱ्याच रुग्णाला ओढाताण.

मोजायला सराफाचा काटा पुरतो, एक मिलिग्रॅम दाखवणारा असला तर उत्तम. एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या दहा नव्या सिरिंज सुई-टोपणासकट एकत्र ठेवून कोरडं वजन लिहा. मग प्रत्येकीत साधं पाणी १ मिलीपर्यंत ओढा, हवा काढा, दट्ट्या तळाला टेकेपर्यंत दाबा, दोन सेकंद तसाच धरा. टोकाला लटकलेला थेंब भांड्याच्या काठाला टेकवून सोडा. टोपणं लावून दहाही पुन्हा तोला. वजनातल्या फरकाला दहाने भागा. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायला इथे हरकत नाही. एकेक सिरिंज तोलू नका: ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.०८ चं ०.०७ की ०.०९ हे कळत नाही, दहाचा ०.८ मात्र स्वच्छ दिसतो.

आकडा बिघडतो तो बहुतेक सुटलेल्या दट्ट्याने. अंगठा सैल झाला की दट्ट्या किंचित मागे येतो आणि टोकाला लटकलेला थेंब आत ओढला जातो. पंखा बंद ठेवा, त्याच्या वाऱ्याने काटा स्थिर राहत नाही, आणि मे महिन्यात उघडा थेंब बघता बघता उडून जातो. वापरलेल्या सिरिंजवर हा प्रयोग कदापि नको, सुई टोचण्याचा धोका आहे.

हवा काढताना उडणारी चिळकांडी वेगळी मोजा. ती टोपणात धरून तोला. कित्येकदा खरा चोर तीच असते, आणि सिरिंज बदलून ती थांबत नाही.

लस वाचवायला सुई कायमची बसवलेली इन्सुलिन सिरिंज घ्या, तिच्यात लस अडकायची जागा जवळजवळ नसतेच. पण खुणा नीट बघा: लाल टोपणाच्या ४० युनिटवालीत ०.१ मिली म्हणजे ४ युनिट, नारिंगी टोपणाच्या १०० युनिटवालीत १० युनिट. ही गल्लत झाली तर डोस अडीचपट किंवा चाळीस टक्केच जाईल. साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या आणि लस यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा घेऊन बुड रिकामं करायची युक्ती काहीजण करतात. कातडीतल्या इंजेक्शनला ती नको, कारण ०.१ मिलीत ०.०८ ची भर पडते.

पाचवा रुग्ण मात्र रोज निघेलच असं नाही. थोडी लस कुपीच्या भिंतीला आणि बुचाखाली राहतेच. दोन कुप्यांतली उरलेली लस एकत्र करून डोस भरू नका. उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. म्हणून चावलेल्यांना सकाळच्या ओपीडीतच एकत्र बोलावलेलं बरं.